‘सर्टन’ म्हणजे खात्री, पण कुणाची?

या महिन्याच्या टपालात एकाच शब्दावर इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत. शब्द साधाच, ‘सर्टन’. शाळकरी पोरापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो, आणि नेमका त्यामुळेच कुणी थांबून त्याच्याकडे बघत नाही. माझी नोकरी बँकेत झाली. शेवटची वर्षं प्रशिक्षण केंद्रात नव्या अधिकाऱ्यांना कायदा आणि इंग्रजी पत्रव्यवहार शिकवण्यात गेली. त्यामुळे उदाहरणं जरा पैशाअडक्याची निघतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : मुलीला इंग्रजी गोष्ट वाचून दाखवत होते. ‘अ सर्टन मॅन हॅड टू सन्स’ असं वाक्य आलं. शब्दकोशात ‘सर्टन’चा पहिला अर्थ ‘निश्चित, खात्रीचा’ असा आहे. मुलगी विचारते, ‘खात्रीचा माणूस म्हणजे कसा माणूस?’ काय सांगू? (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, तिला सांगा की हा ‘कोणी एक माणूस’. आपल्या गोष्टी ‘कोणे एके काळी कोणा एका गावात’ अशा सुरू होतात ना, त्यातला हा ‘कोणी एक’. तुमचं वाक्य बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरातलं आहे, उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं पहिलं वाक्य. नवी इंग्रजी भाषांतरं तिथे ‘देअर वॉज अ मॅन’ असं सरळ म्हणून मोकळी होतात. ‘अ सर्टन मॅन’ला आता जुन्या कपाटाचा वास येतो.

ढोबळ नियम असा की ‘सर्टन’ नामाच्या आधी बसला तर ‘अमुक एक’, ‘ठरावीक’, ‘काही’. आणि ‘ॲम, इज, आर’च्या नंतर आला तर ‘खात्री’. ‘सर्टन स्टुडंट्स’ म्हणजे काही विद्यार्थी, ‘द स्टुडंट्स आर सर्टन’ म्हणजे विद्यार्थ्यांची खात्री आहे. ‘टु अ सर्टन एक्स्टेंट’ म्हणजे काही अंशी, त्यात खात्रीचा मागमूस नाही. नियमाला अपवाद आहेच : ‘सर्टन डेथ’, ‘सर्टन डिफीट’. मरण, हार, जीत असं काही घडायचं असेल आणि ‘सर्टन’च्या आधी ‘अ’ नसेल, तर नामाआधी बसूनही तो ‘हमखास’च राहतो.

पण एकाच शब्दाला हे दोन उलटे अर्थ चिकटले कसे? मला विचाराल तर ते उलटे नाहीतच. घरात दहा माणसं बसलेली असताना एखादी म्हणते, ‘काही जणांना ना, चहाचा कप विसळणंसुद्धा जड जातं.’ हे ‘काही जण’ कोण, ते बोलणारीला पक्कं माहीत असतं. बहुतेक वेळा ज्या जाऊबाईंना उद्देशून आहे त्यांनाही माहीत असतं. फक्त नाव घ्यायचं नसतं. इंग्रजीत हेच ‘सर्टन पीपल’. खात्री आहे, पण ती बोलणाऱ्याने स्वतःजवळ ठेवली आहे. म्हणून हा शब्द दिसला की मी पहिल्यांदा विचारते, खात्री कुणाची?

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. कार्यालयीन पत्रात ‘अ सर्टन मिस्टर पाटील हॅज कम्प्लेंड’ असं लिहू नका. त्याचा सूर ‘कुणी पाटील म्हणून आहेत, त्यांनी तक्रार केली आहे’ असा लागतो. पाटलांनी ते पत्र वाचलं तर दुसरी तक्रार येईल. आणि ‘अ वूमन ऑफ अ सर्टन एज’ हा फ्रेंचमधून आलेला वाक्प्रचार असाच आहे : वयाचा अंदाज सगळ्यांना आहे, आकडा बोलायचा नाही एवढंच.

प्रश्न : मी पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. डीपी नोटची, म्हणजे मागताक्षणी पैसे देण्याच्या वचनचिठ्ठीची, कायद्यातली व्याख्या वाचली. तीत ‘अ सर्टन सम’ आणि ‘अ सर्टन पर्सन’ असे शब्द आहेत. आमचे एक सहकारी म्हणतात की ‘सर्टन पर्सन’ म्हणजे कोणीतरी व्यक्ती. कोणीतरीला पैसे देईन असं लिहून कागद टिकेल का? (एक कर्मचारी, तासगाव)

उत्तर : नाही टिकणार, आणि तुमची शंका सहकाऱ्यांच्या अर्थापेक्षा बरी आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं कलम ४. वचनचिठ्ठी म्हणजे असा लेखी, सही केलेला कागद, ज्यात विनाशर्त वचन आहे की ‘अ सर्टन सम ऑफ मनी ओन्ली’, ‘अ सर्टन पर्सन’ला किंवा तो सांगेल त्याला किंवा कागद हातात असेल त्याला देईन. वर बार्शीच्या ताईंना सांगितलेला नियम इथे बरोबर उलटा पडतो. शब्द नामाच्या आधी आहे, तरी अर्थ ‘नेमकी रक्कम’ आणि ‘नेमकी व्यक्ती’. घरातल्या ‘काही जणां’ची खात्री बोलणारीपुरती असते. कायद्याला ती चालत नाही. उद्या कर्ज घेणारा नसेल, कर्ज देणारा अधिकारी बदलून गेलेला असेल, आणि तिसराच कुणी तो कागद कोर्टात वाचेल. त्यालाही तीच रक्कम आणि तोच माणूस दिसला पाहिजे.

याच कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी आठ नमुने दिले आहेत. प्रशिक्षण केंद्रात मी ते फळ्यावर लिहायची आणि विचारायची, यातल्या वचनचिठ्ठ्या किती? वर्गात लगेच दोन पक्ष पडायचे. ‘ब ला किंवा तो सांगेल त्याला ५०० रुपये देण्याचं वचन देतो’, ही चिठ्ठी सगळ्यांना मान्य. ‘ब चं १००० रुपये देणं लागतो, मागताक्षणी देईन’, हीही मान्य. इथपर्यंत शांतता. मग ‘ब ला ५०० रुपये आणि त्याचं जे काही आणखी देणं निघेल ते’. मुलं म्हणत, चालेल की, हिशेब करता येतो. हिशेब करता येतो, पण कागद वाचून करता येत नाही, म्हणून बाद. ‘माझं येणं वजा करून ५०० रुपये’, तेही त्याच कारणाने बाद. ‘५०० रुपये आणि माझा काळा घोडा’, हे बाद, कारण व्याख्येत ‘मनी ओन्ली’ आहे. ‘मी तुमचं १००० रुपये देणं लागतो’, एवढंच लिहिलं तर तेही बाद. कबुली झाली, वचन कुठे आहे?

खरी वादावादी व्हायची ती उरलेल्या दोघांवर. एक : ‘क शी माझं लग्न झाल्यावर सात दिवसांनी ब ला ५०० रुपये देईन.’ दुसरा : ‘ड वारल्यावर ५०० रुपये देईन, मात्र ड ने माझ्यासाठी तेवढे पैसे मागे ठेवलेले असले पाहिजेत.’ दोन्ही बाद. पहिल्यात लग्न होईलच असं नाही. ठरलेली लग्नं मोडतात, हे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यालाही कुणी शिकवायला नको. दुसऱ्यात मृत्यू ठरलेला आहे, पण वारसा ठरलेला नाही. ती ‘मात्र’ नंतरची अट काढली आणि नुसतं ‘ड वारल्यावर अमुक दिवसांनी’ ठेवलं, तर कागद विनाशर्त मानता येतो. का, ते पुढच्या कलमात आहे, आणि ‘सर्टन’वरचं याहून सुरेख वाक्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही. कलम ५ म्हणतं की माणसांच्या नेहमीच्या अपेक्षेनुसार जी घटना ‘सर्टन टु हॅपन’ आहे, तिच्या घडण्याची वेळ ‘अनसर्टन’ असली तरी वचन सशर्त होत नाही. म्हणजे घडणार हे नक्की, केव्हा ते नक्की नाही, तरी चालेल. आणि खात्री कुणाची, हेसुद्धा कायद्याने लिहून ठेवलं : ‘द ऑर्डिनरी एक्स्पेक्टेशन ऑफ मॅनकाइंड’. कर्जदाराची नाही, सावकाराची नाही, चारचौघांची.

तुमच्या सहकाऱ्यांचा गोंधळ अगदीच अनाठायी नाही. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, इंग्लंडने हुंड्यांचा आपला कायदा केला, त्यात ‘अ सम सर्टन इन मनी’ आणि ‘अ स्पेसिफाइड पर्सन’ असे शब्द वापरले आहेत. ‘स्पेसिफाइड’ म्हटल्यावर ‘कोणीतरी’ असा अर्थ कुणी काढणार नाही. आपल्याकडे ‘सर्टन पर्सन’ राहिला.

जाता जाता. आपल्या १८७२ च्या कंत्राटांच्या कायद्यातही, कलम २९ मध्ये, हाच शब्द आहे : ज्या कराराचा अर्थ ‘सर्टन’ नाही आणि तो तसा करूनही घेता येत नाही, तो करार रद्दबातल. उदाहरण दिलंय, ‘शंभर टन तेल विकतो.’ कसलं तेल? करार रद्द. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल तर करार टिकला, कारण त्याच्या धंद्यावरून तेल कळतं. आणि तिथेही एक घोडा आहे : ‘माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना.’ दोन्हीतली किंमत कोणती ते कळत नाही, म्हणून रद्द. १८७२ चा घोडा पांढरा, १८८१ चा काळा, आणि दोन्ही व्यवहार फसलेले. तुमच्या डीपी नोटवर रेव्हेन्यू स्टॅम्पवरून सही घेण्याआधी घोडे दूर ठेवा, नाव आणि रक्कम पूर्ण लिहून घ्या. अक्षरी आणि अंकी रकमेत फरक पडला तर कलम १८ नुसार अक्षरी रक्कम धरतात, हेही कर्जदाराला आधीच सांगितलेलं बरं.

प्रश्न : ‘ही इज सर्टन टु विन’ आणि ‘ही इज सर्टन ऑफ विनिंग’ यांत फरक काय? क्लासमध्ये दोन्हींचा अर्थ ‘त्याला जिंकण्याची खात्री आहे’ असा सांगितला. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : दुसऱ्याचा तो अर्थ बरोबर, पहिल्याचा नाही. ग्रामपंचायतीच्या निकालाच्या आदल्या रात्री गावातला प्रत्येक उमेदवार ‘सर्टन ऑफ विनिंग’ असतो. पारावर बसलेले जुने जाणकार मात्र एखाद्याकडेच बोट दाखवून म्हणतात, ‘तो येणारच.’ तो झाला ‘सर्टन टु विन’. ‘ऑफ’ आला तर खात्री कर्त्याची, ‘टु’ आला तर बोलणाऱ्याची. ‘सर्टन टु विन’ असलेल्या उमेदवाराला स्वतःला धाकधूक असू शकते, त्याला झोप लागली नसेल, तरी वाक्य खरं.

परीक्षेत ओळखायची युक्ती देते. कर्त्याच्या जागी निर्जीव वस्तू घाला. ‘द बस इज सर्टन टु बी लेट’, बस उशिरा येणारच. आता ‘द बस इज सर्टन ऑफ बीइंग लेट’ म्हणून बघा. बसला कसली आलीय खात्री? मराठीत हे काम आपण ‘-णारच’ मधल्या ‘च’वर भागवतो, म्हणून भाषांतर करताना ‘टु’ दिसला की आधी ‘च’ आठवा.

नकाराचंही बघून ठेवा. ‘आय ॲम नॉट सर्टन ही विल कम’ म्हणजे येईल की नाही, मला ठाऊक नाही. ‘आय ॲम सर्टन ही वोन्ट कम’ म्हणजे तो येत नाही, जेवण त्याच्याशिवाय वाढा.

प्रश्न : पेन्शन योजनेच्या माहितीपत्रकात ‘टेन इयर्स सर्टन अँड लाइफ देअरआफ्टर’ असा पर्याय आहे. ‘सर्टन टेन इयर्स’ का नाही? आणि दहा वर्षंच पेन्शन मिळणार का? (निवृत्त एसटी कर्मचारी, चिपळूण)

उत्तर : दुसरं आधी, कारण ते पैशाचं आहे. पेन्शन तुम्ही आहात तोवर मिळणार. ‘टेन इयर्स सर्टन’ ही तुमच्या वारसाची सोय आहे. समजा चौथ्या वर्षी काही बरंवाईट झालं, तर दहा वर्षं पुरी होईपर्यंतची उरलेली पेन्शन वारसाला मिळते. दहा वर्षांनंतर तुम्ही असाल तर पेन्शन चालूच, तेव्हा मात्र तुमच्याबरोबर ती थांबते. हा पर्याय नुसत्या तहहयात पेन्शनपेक्षा दरमहा थोडा कमी देतो, कारण वारसाची हमी फुकट मिळत नाही. सही करण्याआधी दोन्ही पर्यायांचा महिन्याचा आकडा शेजारी शेजारी लिहून मागा.

आता व्याकरण. विशेषण नामाच्या मागे टाकण्याची ही लकब इंग्रजीत फ्रेंचमधून आली, त्यातही कोर्टकचेरीतून, कारण इंग्लंडच्या कोर्टांत बराच काळ फ्रेंचचं राज्य होतं. ‘कोर्ट मार्शल’, ‘ॲटर्नी जनरल’ ही त्याच घरातली. ‘सर्टन टेन इयर्स’ असं उलटवलंत तर ‘कुठली तरी दहा वर्षं’ असा वास यायला लागतो, आणि विम्याच्या कागदात तो नकोच.

प्रश्न : ‘शुअर’ आणि ‘सर्टन’ एकच ना? मग ‘इट इज शुअर दॅट ही विल कम’ लिहिलं तर संपादकांनी का कापलं? (एक अनुवादक, बडोदा)

उत्तर : बरोबर कापलं. ‘इट इज सर्टन दॅट’ चालतं, ‘इट इज शुअर दॅट’ चालत नाही. पुढे ‘दॅट’ आला की ‘शुअर’ला खात्री बाळगणारा जिवंत माणूस लागतो : ‘आय ॲम शुअर’, ‘शी इज शुअर’. घटनेच्या नक्कीपणाबद्दल तटस्थपणे बोलायचं तर ‘सर्टन’.

या दोघांचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि मराठी माणसाला ते एका अनुस्वारात लक्षात राहील. ‘सर्टन’ ज्या क्रियापदातून आला त्याचा अर्थ चाळणं, निवडणं, निर्णय करणं. चाळून जे ठरलं ते, म्हणजे निश्चित. ‘शुअर’ आला ‘सिक्युरस’वरून, ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे चिंता. म्हणजे शब्दशः निश्चिंत. ‘सिक्युअर’ आणि ‘इन्शुरन्स’ त्याचेच भाऊबंद. गोष्ट निश्चित असते, माणूस निश्चिंत होतो. ‘इट’ला चिंता नाही, म्हणून ‘शुअर’ही नाही. ही मूळकथा नियम म्हणून शिकवू नका. लक्षात ठेवायला मात्र छान आहे.

अनुवादात ‘शुअरली’पासून जरा जपून राहा. आपल्याकडे ‘आय विल शुअरली कम’ सर्रास लिहितात आणि ते समजतंही. पण ‘शुअरली यू हॅव रिसीव्ह्ड अवर लेटर’ याचा अर्थ ‘पत्र नक्की मिळालंय’ असा नाही. ‘पत्र मिळालं असेलच ना?’ असा आहे, आणि त्यात ‘मग उत्तर का नाही?’ हे गिळलेलं असतं. ज्याला आपण ‘जरूर, नक्की’ म्हणतो त्याला ‘सर्टनली’ घ्या.

प्रश्न : ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे किती टक्के? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : प्रश्न गमतीने विचारला असशील, पण याचं उत्तर द्यायचा प्रयत्न एका माणसाने खरंच केला होता. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत शर्मन केंट नावाचे इतिहासाचे जुने प्राध्यापक होते. १९५१ मध्ये त्यांच्या विभागाने अहवाल दिला की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. मागून कुणी विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. विचारणाऱ्याने त्याहून फार कमी धरलं होतं. केंटनी मग ज्यांनी एकत्र बसून तो शब्द मान्य केला होता त्यांनाच विचारलं, तर कुणाच्या मनात शंभरात वीस, कुणाच्या मनात ऐंशी! पुढे १९६४ मध्ये त्यांनी एका लेखात प्रमाणं सुचवली. त्यात ‘ऑलमोस्ट सर्टन’ला ९३ टक्के दिले, सहा इकडे तिकडे. हवामानबदलाचा अभ्यास करणारी आयपीसीसी तर ‘व्हर्चुअली सर्टन’ हा शब्द ९९ ते १०० टक्क्यांसाठीच राखून ठेवते.

रोजच्या इंग्रजीत असा काही तक्ता नाही. ‘ऑलमोस्ट’, ‘फेअर्ली’, ‘ॲब्सोल्यूटली’ हे ‘सर्टन’शी सहज जुळतात, ‘व्हेरी सर्टन’ तितकंसं जुळत नाही, तिथे ‘क्वाइट सर्टन’ बरं. परीक्षेत आकडा लिहू नकोस, ‘जवळजवळ निश्चित’ एवढंच लिही. पेपर तपासणाऱ्याने केंट वाचला असेल असं धरून चालू नये.